बाबांच्या कपाळावरची पट्टी

मोहालीतल्या आमच्या छोट्या कंपनीत तू नक्की करतेस काय, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी सांगते, कचरा काढते. ते हसतात, पण ते खरं आहे. आम्ही कपाळावर आणि कानामागे चिकटवायच्या पातळ पट्ट्या बनवतो. माणूस घरात हिंडतो, जेवतो, झोपतो आणि पट्टी त्याच्या मेंदूतले विजेचे बारीक तरंग टिपत राहते. पण कातडीवर फक्त मेंदूचंच ऐकू येतं असं नाही. पापणी लवली, कपाळाला आठी पडली, की नोंदीत खरखर उठते. सगळ्यांत वाईट चावणं. जबड्याचे स्नायू बाकी सगळं पार बुडवून टाकतात. ते तुकडे कापायचे आणि स्वच्छ नोंद डॉक्टरांकडे पाठवायची, हे माझं काम. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मला त्याचा माज होता.

बाबा हवाई दलातून निवृत्त झाले आणि शेवटची पोस्टिंग चंडीगडची म्हणून इथेच राहिले. आईला साताऱ्याला परत जायचं होतं. तिला कुणी विचारलं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी बाबा अधूनमधून हरवायला लागले. हातात लायटर धरून गॅससमोर उभे, अर्धा मिनिट कुठेच नाहीत, मग "हां, काय म्हणत होतो मी?" हॉस्पिटलातल्या अर्ध्या तासाच्या तपासणीत काही सापडलं नाही. डॉक्टरबाईंना फिट्सचा संशय होता. आठवडाभर घरी पट्टी लावा, म्हणाल्या, आणि तोवर गाडीला हात लावायचा नाही.

दुसरं काहीही काढून घेतलं असतं तर बाबांनी सोसलं असतं. दर रविवारी आईला शेजारी बसवून पिंजौरला जुन्या सहकाऱ्याकडे जायचं, हा त्यांचा नेम. मी म्हटलं, सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवरून बसने जा. "बसने? मी?" एवढंच बोलून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्याशी अबोला धरला.

पट्टी मीच लावायचे. इथल्या थंडीत कातडी कोरडी पडते आणि पट्टी सुटते, म्हणून रोज सकाळी ओल्या कापसाने कपाळ पुसून ती नव्याने बसवायची. बाबा डोळे मिटून, गाल फुगवून बसायचे. शेजारच्या सुनेने पट्टी पाहून, लागलं का म्हणून गेटमधून पंजाबीत विचारलं, "अंकल जी, सट्ट लग्ग गई?" बाबा म्हणाले, "नहीं बेटा, लड़की ने स्टिकर चिपकाया है।" माझ्याशी बोलत नव्हते, पण माझ्याबद्दल बोलायला काही हरकत नव्हती.

आईला मी एक वही दिली. जेवण, चहा, झोप, सगळ्याच्या वेळा लिही, म्हणजे मला कचरा ओळखता येईल. तिने जास्तच मन लावून लिहिलं. "चार वाजून दहा. ह्यांचं तोंड चालू. हाक मारली, लक्ष नाही." "सव्वाअकरा. पुन्हा तोंड चालू. मी बडीशेप दिलेली नाही." वाचून मी खदखदून हसले. डबा कुठेही लपवा, बाबा बडीशेप शोधून काढायचेच. आणि आईच्या हाकेला ओ न देणं हा आमच्या घरात आजार नव्हता, तो चाळीस वर्षांचा संसार होता. चावणं दिसलं, की मी कापलं.

घरच्या माणसाची फाईल दुसऱ्याकडे द्यायची असा ऑफिसात नियम आहे. मी दिली नाही. माझ्याइतकं बारकाईनं कोण करणार, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला ती नोंद स्वच्छच हवी होती. बाबांचा अबोला मला सोसत नव्हता.

नोंदीत काही नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. किल्ली मीच बाबांच्या हातात दिली, आणि त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी जिलेबी आणली.

तिसऱ्या रविवारी पिंजौरहून परतताना, भर दुपारी, सरळ रस्त्यावर गाडी दुभाजकावर चढली. बाबांना नुसतं खरचटलं. आईच्या मांडीचं हाड मोडलं. आत सळी घातली, पण पाय आखूड राहिला आणि आता वॉकरशिवाय तिला चार पावलं टाकता येत नाहीत. पोलिसाने विचारलं, "झपकी आ गई थी, अंकल?" बाबांना काहीच आठवत नव्हतं, म्हणून ते हो म्हणाले.

तेव्हापासून ते आईच्या नजरेला नजर देईनात. तिच्या गोळ्या, पाणी, सगळं वेळच्या वेळी ठेवायचे आणि खोलीबाहेर निघून जायचे. साताऱ्याहून मामाचा फोन आला, की तेच: "मी झोपलो. मी तिचा पाय घालवला." आईने त्यांना समजावून पाहिलं. "तू माझी बाजू घेऊ नकोस," म्हणाले.

मग एकदा तिची वेणी घालताना ती मला म्हणाली, "अगं, झोपले नव्हते ते. डोळे टक्क उघडे. तोंड तेवढं चालू होतं, मी वहीत लिहायचे ना, तसं. मी ओरडले, तर लक्षच नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मूळ नोंद उघडली. ती आम्ही कधी पुसत नाही. जेवताना चावण्याची खरखर एकदम सुरू होत होती. पण आईने लिहून ठेवलेल्या वेळांना खरखरीच्या काही सेकंद आधी एक संथ लय उठत होती आणि मोठी होत जात होती. फिटमध्ये माणूस नकळत तोंड चालवतो, हे मला शिकवलेलं होतं. सहा ठिकाणी ती लय होती आणि सहाही ठिकाणी मी कात्री चालवली होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मग साहेबांना सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी गोळ्या लिहून दिल्या. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून दिल्यात, असं सांगून बाबांना गोळ्या दिल्या. खरं सांगायला मला आणखी चार दिवस लागले. ते गॅलरीत उन्हात बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं: तुम्हाला फिट्स येतात, पट्टीने त्या पकडल्या होत्या, मी कापून टाकल्या. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

पट्टी लावायचे तिथे, कपाळावरून त्यांनी बोटं फिरवली. मग म्हणाले, "म्हणजे मला झोप लागली नव्हती?"

"नाही, बाबा."

"पक्का?"

"पक्का."

ते उठले आणि भिंतीला धरून आईच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी तिचा हात धरला. "ऐकलंस का, मी झोपलो नव्हतो गं," म्हणाले आणि हुंदके देऊन रडायला लागले. बाबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं मी. लिहूनसुद्धा दिलं." हे ती बाबांना सांगत होती, पण बघत माझ्याकडे होती.