बॅग घेऊन निघालेली सून

जुनी मालिका पुन्हा लागली आहे. सून बॅग उचलून सासर सोडते, तो भाग आला की मटार सोलणारे आईचे हात थांबतात. मला अशा आवडत्या भागांचाच संशय येतो. बायकांचा राग संध्याकाळी पडद्यावरच ओसरावा, घरात उरू नये, म्हणूनच ते इतके लक्षात राहतील असे रचतात की काय?

"आई, उद्याच्या भागात ती माफी मागून परत येते," मी म्हणाले.

"ठाऊक आहे, भाषण नको. उद्या या वेळेला मी दळण घेऊन गिरणीत जाणार. दर वेळी जाते."

"का गं?"

"मी आले होते की परत," पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली. "ते पुन्हा कशाला बघू?"