तलावाची ओटी

शेजारच्या काकांनी अंगणात पोहण्याचा तलाव बांधला. खोदाई, टाइल्स, पंप. खर्चाचा आकडा ऐकून मी त्यांना मनातल्या मनात वेड्यात काढलं होतं. काकूंचे गुडघे गेलेत, पाण्यात चाललं की दुखत नाहीत, एवढ्यासाठी त्यांनी गाडी विकली.

काल तलाव भरला. नव्या विहिरीची भरावी तशी काकूंनी त्याची ओटी भरली. "अहो, हळदकुंकू फिल्टरमध्ये जाईल!" कंत्राटदार कळवळला.

"जाऊ दे," काका म्हणाले.

मग काकू कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या, कठडा सोडला आणि चालू लागल्या. पाणी माणसाला किती अलगद उचलून घेतं! त्या पार पलीकडे पोचल्या, तरी काका त्यांची काठी उराशी धरून काठावर उभेच होते. गाडी गेल्याचं त्या चेहऱ्यावर मला कुठेच दिसेना.