पाठमोऱ्या सासूबाई आणि माझा बत्ता

मी मालवणकडची, नवरा पुण्याचा. कतारमध्ये, दोह्याच्या अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि तिसऱ्याच दिवशी मजल्यावर सुकट भाजल्यासारखा वास दरवळला. नवऱ्याने खिडकी उघडली. मी सरळ समोरचं दार वाजवलं. लाज कसली त्यात?

समोर मलाक्काची न्योन्या बाई राहत होती. न्योन्या म्हणजे मलेशियातल्या जुन्या चिनी घराण्यांतली बाई. हिच्या स्वयंपाकात चिनी पदार्थांना मलय मसाला. ती तव्यावर वाळवलेल्या कोळंबीची वडी भाजत होती. "इंडियन्सना हा वास सहन होत नाही ना?" तिने विचारलं. म्हटलं, "बाई गं, मी त्या वासावरच वाढले!"

मग काय, मी सुटलेच. मलाक्काच्या गल्ल्यांत विकतात तशी केळीच्या पानात भाजलेली मसाल्याची मच्छी तिने खिलवली. तांदळाच्या हिरव्या गोळ्या खिलवल्या. चावल्या की आतून पातळ गूळ आणि वर ओला नारळ. मोदकाची धाकटी भावंडंच ती! एकदा तिने लक्सा दिली, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट रश्शातल्या शेवया. मला ती जरा मुकी वाटली. मी वरून मोहरी-कढीपत्त्याची चरचरीत फोडणी दिली आणि मोठ्या तोऱ्यात वाटीभर परत नेऊन दिली.

तिच्या सासूबाई मलाक्काहून आल्या होत्या. त्यांनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि काहीतरी पुटपुटल्या. शेजारणीने कसंनुसं हसून सांगितलं, "म्हणतायत, हिला माझ्या वाटणाजवळ फिरकू देऊ नकोस."

असा संताप आला म्हणून सांगू! माझ्या हाताला नावं ठेवणारं अजून कुणी जन्मायचं होतं.

त्यांच्या चिनी नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी शेजारीण बाथरूममध्ये घसरली. मनगट प्लास्टरमध्ये. संध्याकाळी पितरांना नैवेद्य दाखवायचा होता. सासरे गेल्यानंतरचा हा पहिलाच, आणि त्यांचा जीव लक्सावर. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, आणि मिक्सरचं वाटण सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवायला त्या तयार नव्हत्या. शेजारीण रडकुंडीला आली होती. माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, "विचार त्यांना, मी कुटू का?"

सासूबाईंनी खलाकडे बोट दाखवलं. मग आमच्याकडे पाठ करून खुर्चीत बसल्या.

दगडी खलात आधी मीठ आणि लेमनग्रास, मग भिजवलेल्या मिरच्या, छोटे कांदे, शेवटी ती वडी. मी ठेच्यासारखं गोल रगडायला लागले तशा त्या पाठमोऱ्याच, नुसत्या आवाजावरून ओरडल्या. शेजारणीने अर्थ सांगितला, रगडायचं नाही, कुटायचं, बत्ता सरळ खाली! हात बदलला. खांदे भरून आले, डोळ्यांत मिरची गेली, तरी थांबले नाही. हळूहळू ठोका एका लयीत बसला. सासूबाईंची मान हलायला लागली.

शेवटी त्यांनी वळून खलात बोट बुडवलं, चाखलं आणि मला काहीतरी विचारलं. शेजारीण खो खो हसत सुटली. "विचारतायत, तुला लग्नाची बहीण आहे का? पूर्वी आमच्याकडे सून अशीच पसंत करायचे. घराबाहेर उभं राहून कुटण्याचा आवाज ऐकायचे."

माझ्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात डिग्री विचारली, पगार विचारला, उंचीसुद्धा विचारली. हाताचं कुणी विचारलं नव्हतं. अस्सा ऊर भरून आला!

"बहीण नाही हो," मी म्हटलं, "मी एकटीच." शेजारणीने ते त्यांना सांगितलं.

संध्याकाळी लक्सा तयार झाली. सासूबाईंनी पहिली वाटी भरली, फोटोपर्यंत गेल्या, थबकल्या आणि मला हाक मारून ती वाटी माझ्या हातात दिली. सासऱ्यांपुढे ती मी ठेवली.