न विचारता दिलेला पेला

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या बारच्या मालकाला सगळे वैद्यबुवा म्हणत. नाव आमच्या ह्यांनीच ठेवलेलं. तिथे कोणी काही मागवायचं नाही, अशी रीत होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की बुवा नाडी बघावी तसे त्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग बाटल्यांकडे वळत. "काय देऊ?" असं विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. मला ते जिनमध्ये काकडीची चकती आणि लिंबू घालून देत. बर्फाचा एकच मोठा खडा, म्हणजे पेय पाणचट होत नाही. हे गेल्यानंतर मी पहिल्यांदा एकटी गेले, तेव्हा त्यांनी लिंबू जरा कमी केलं होतं. ते अगदी बरोबर होतं.

"बुवा, आज औषध कडक द्या, सासूबाई आल्यात," समोरचा शिंपी म्हणे.

"मग तुला कशाला? त्यांनाच पाठव. तुझ्यासारखा जावई म्हटल्यावर त्यांना जास्त गरज."

बुवांची इच्छा एकच होती: बायकोनं एकदा तरी समोर बसून आपल्या हातचं प्यावं. ती पाळणाघर चालवायची. बारमध्ये बसलेल्या बाईकडे कोण पोरं सोपवणार, या धास्तीनं ती कायम "बघू" म्हणत टाळत राहिली. पाळणाघर बंद झालं, मग बुवांच्या गुडघ्यांनीही दगा दिला आणि बार बाटल्यांसकट विकला गेला. शेवटच्या संध्याकाळी ती आली. मी शेजारच्याच स्टुलावर होते.

बुवांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग संत्र्याचा रस, मध, थोडी रम असं सावकाश हलवून पेल्यात ओतलं, वर संत्र्याची साल पिळली.

तिनं घोट घेतला. "छान झालंय हो."

कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर म्हणतो, तसं. शिंप्यानं टाळ्या वाजवल्या; पण बुवांना चेहरे वाचता येत होते.

"गोड झालं?"

"नाही, चांगलंय."

"खरं सांग."

"मला गोड चालत नाही. चहासुद्धा मी बिनसाखरेचा पिते."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. तुम्ही रात्री उशिरा यायचात, सकाळी झोपलेले असायचात. तुम्हाला कुठून दिसणार?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं असावं.

शिंपी पेल्यात बघत राहिला. बुवांनी घाईनं कडू अर्काची बाटली पुढे ओढली. "थांब, दुसरं करतो. काय देऊ तुला? तूच सांग."

ते वाक्य त्या बारमध्ये मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आता काही नको. एवढ्यानंच डोकं हलकं झालंय. सवय का आहे मला?"

"मग हे तरी ठेव. उगाच पिऊ नकोस."

"असू दे. इतकं मन लावून केलंत." आणि तिनं तो पेला, मधासकट, तळापर्यंत संपवला. बुवा समोर उभे राहून बघत होते. त्यांनी बाटलीचं उघडलेलं झाकण हळूच परत लावलं. नवा मालक किल्ल्या न्यायला दारात आला होता.