डिझेल गाडीला बॅटरी लागत न्हाई म्हणे

आज हाताशी आलेली नोकरी गेली. घरी कुणाशी बोलवत नाही, म्हणून इथं लिहितेय.

कागदपत्रांच्या तपासणीसाठी अण्णा, म्हणजे माझे वडील, मला गाडीनं धावड्याहून जालन्याला नेत होते. भोकरदनला डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. मी म्हणाले, "अण्णा, बॅटरी चार्ज होत नाहीये. इथंच दाखवून घेऊ."

अण्णा हसले. "डिझेल गाडी हाय ही. एकदा सुरू झाली की बॅटरी लागतच न्हाई. ट्रॅक्टर मी हंगामभर बॅटरीबिगर, धक्क्यावर चालवला."

ते खरंच होतं. पण ट्रॅक्टरला कॉम्प्युटर नसतो, या गाडीत इंजिनला डिझेलही विजेवरच मिळतं. मी तेही सांगितलं.

"बीएस्सी काय झाली, बापाला गाडी शिकवून राह्यली! बस गुमान."

राजूरच्या अलीकडे एकेक करत सगळे दिवे लागले, स्टेअरिंग जड झालं आणि गाडी बंद पडली. हात केला तरी एसटी थांबली नाही. अण्णांनी फोन करून बोलावलेला मिस्त्री तासाभरानं आला. बॉनेट उघडून म्हणाला, "काका, अल्टरनेटर गेला. नव्या गाड्या बॅटरीबिगर चालत न्हाईत."

अण्णा लगेच म्हणाले, "बराबर हाय तुमचं."

मिस्त्रीनं दुसरी बॅटरी लावून दिली, पण मी जालन्याला पोचले तेव्हा तपासणी संपली होती. यादीत माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं होतं. पुढच्या जागा कधी निघतील, ते साहेबांनाही माहीत नव्हतं.

अण्णांवर रागावताही येत नाही. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी, आणि मला त्यांनीच पाठवलं. पण तिथं शिकलेलं त्यांना माझ्या तोंडून पटत नाही. तुमच्या घरी पटलं का कधी?