जिन्यावरच्या बाईला आडवी गेलेली सावली

गाडी सुटायची वेळ झाली तरी आबा आले नाहीत. नरडाण्याच्या फलाटावर माझ्या खिडकीची सळई धरून एकटी अक्का उभी होती, माझी थोरली बहीण. "आबा उना नही," ती म्हणाली आणि उगाचच माझ्या पिशवीची गाठ पुन्हा बांधू लागली.

आदल्या दिवशी आबा एवढंच बोलले होते, "जाय. पन मी टेशनवर येवाव नही." त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. शेत सोडून पोरगा सुरतेला कापडाच्या लूमवर निघाला, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

गाडी हलली. उन्हं कलली होती, पलीकडच्या खिडक्यांतून थेट आत येत होती. आणि त्या उन्हातून एक सावली सरकत आली. बाकांवरून, माणसांच्या डोक्यांवरून, शेवटी माझ्या छातीवरून. टोकदार टोपी, एक खांदा किंचित उतरलेला. मी वळून गर्दीतून वाकून बघेपर्यंत पलीकडे मालधक्का मागे पडला होता आणि नुसती कपाशी पळत होती.

गावात राहिलेल्यांनो, ती सावली तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची. आता इतरांसाठी सांगतो.

गणपतीत आमचं मंडळ धुळ्याहून दरवर्षी एकच सिनेमा आणायचं. भुताचा. तो स्वस्तात मिळायचा आणि गावाला पाठ होता. चौकात दोन खांबांना पांढरं कापड बांधायचं. पुरुष पुढून बघणार, बाया आणि पोरं मागून. म्हणजे मी आणि अक्का मागे. मागून सगळं उलटं दिसतं. आमच्या बाजूचे सगळे नायक डावखुरे, आणि सगळ्या गाड्या चुकीच्या बाजूने धावणाऱ्या. माझं आजही ठाम मत आहे की भुताचा सिनेमा पडद्यामागूनच बघावा. ज्याचे पायच उलटे, त्याला सुलट बाजूने बघण्यात काय अर्थ आहे?

त्या सिनेमात एक हवेली, हवेलीत एक जिना आणि जिन्यावरून दिवा घेऊन उतरणारी एक बाई. गाणं नाही, संगीत नाही, फक्त पायऱ्या. अख्खा चौक श्वास धरून बसायचा. आणि नेमक्या त्याच क्षणी पहिल्या रांगेतून आबा उठायचे. "मी बैलसले देखी येस." चार गावांत दरारा असलेला माणूस, पण त्या बाईचं तोंड बघायची हिंमत नव्हती. मशीनच्या झोतातून ते निघाले की बाईच्या अंगावरून टोपीची भलीमोठी सावली सरकायची. पुढच्यांना ती डावीकडे जाताना दिसायची, आम्हाला उजवीकडे. अक्का पदर तोंडात कोंबून हसायची. गावात कुणी हा विषय काढत नसे, पण माझ्यापुरतं सांगतो, त्या सिनेमातलं सर्वांत भारी काम आबांचं होतं.

सुरतेत लूमच्या सांच्यांच्या खडखडाटात कान बधिर झाले, पण डोळे शाबूत होते. सुट्टीच्या दिवशी मी आणि खोलीवरचा प्रकाश, हा अमळनेरचा, दिसेल त्या टॉकीजमध्ये घुसायचो. मारधाडीचे सिनेमे मला मिळमिळीत वाटायचे. दहा माणसं एकेक करून मार खायला येतात, ही कुठली शिस्त? कॉमिक्समधलं भूत तर पान उलटायच्या आधीच दात दाखवायचं. भूत दिसलं की संपलं. ते येणार आहे, एवढ्यावरच सगळी मजा असते.

एकदा तोच आमचा सिनेमा लागला. दुपारचा खेळ. प्रकाशला मी आबांचा किस्सा रंगवून सांगितला. मी पहिल्यांदाच पुढून बघत होतो, सगळंच परकं वाटत होतं. जिना आला, दिवा आला आणि माझ्याही नकळत मी वाट बघू लागलो.

सावली आली.

टोकदार टोपी, एक खांदा उतरलेला. बाईच्या अंगावरून डावीकडे निघाली. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, बेसी जाव!" सावली थबकली आणि खाली बसली.

"तुझे आबा आले की काय रे?" प्रकाश हसत म्हणाला. मी वळून वर पाहिलं. झोतात सावली पडायची तर माणूस बाल्कनीतच उभा हवा. बाल्कनी दुरुस्तीसाठी बंद होती. नुसत्या उलट्या ठेवलेल्या खुर्च्या.

मी तसाच उठलो आणि स्टेशन गाठलं. रस्ताभर एकच विचार होता की आबा गेले, आणि माझ्याशी न बोलताच गेले.

दुसऱ्या दिवशी गावात पोहोचलो तर आबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मी तिथेच पायरीवर बसलो. आबा माझ्याकडे बघत राहिले. मी का आलो, ते विचारलं नाही. मीही काही सांगितलं नव्हतं, सिनेमाचं नाही, सावलीचं नाही.

मग आबा आपणहून म्हणाले, "काल दुपारले बैलसले देखाले उठनू. मांगून कोनीतरी वरडना, काका, बेसी जाव. मी बठी गऊ." तंबाखूची चिमूट दाढेत धरून म्हणाले, "मांगे देखं, तं कोनीच नही."

अक्का चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवला. मग न राहवून तिने सगळंच सांगून टाकलं. मी सुरतेला निघालो त्या दिवशी आबा मालधक्क्यावर उभे होते. तिला दिसले होते, पण त्यांनी तिकडूनच बोट ओठांवर ठेवलं होतं.

आबा खेकसले, "बैल बांधाले जायेल व्हतू." स्टेशनवर, बैल. मी हसलो. तेही हसले. त्या क्षणापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं आणि पुढे ते असेपर्यंत थांबलं नाही.

आता आबा नाहीत. सुरतेच्या फ्लॅटमध्ये भिंतभर टीव्ही आहे आणि तो सिनेमा मुलांनी शोधून दिला आहे. जिना आला की मी उठतो. पाणी प्यायला, गॅलरीचं दार लावायला, काहीतरी निमित्त काढून. मुलं ओरडतात, "पप्पा, बेसी जाव ने!" टीव्हीवर सावली पडत नाही, ठाऊक आहे. तरी बसण्याआधी मी मागे वळून बघतो, मागच्या बाजूने कुणी बघत बसलं असेल तर त्याला मी आडवा यायला नको. आणि खरं सांगू, आडवं यायलाच तर मी उठतो.