होडीतला सहावा माणूस

तो तपास आजही माझ्या मनातून गेलेला नाही. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि आमच्या किनाऱ्यावर चोरट्या मालाचा सुळसुळाट होता. म्हणून दर्यात जाणाऱ्या प्रत्येक होडीची बंदर चौकीवर नोंद होई: होडीचा क्रमांक, तिचा प्रमुख म्हणजे तांडेल, खलाशांची नावे, जाण्यायेण्याची वेळ.

बोर्ली पंचतनच्या बाजारात आमच्या खबऱ्याने एका होडीबद्दल कानावर घातले, "साहेब, पाच मान्सं जातात नि सहा लिवतात." सहाव्या नावावर परतताना कोणालाही आत आणता आले असते. मी स्वतः बंदरावर जाऊन उभा राहिलो. माणसे पाचच होती. तांडेल एकेक करून सहा नावे पुकारत होता आणि आमचे हवालदार मान वर न करता लिहीत होते. वही कशी भरू नये याचा तो नमुनाच होता. मी त्यांना तिथेच फैलावर घेतले.

झडतीत जाळ्यांशिवाय काही मिळाले नाही. पाचही जणांना ठाण्यावर आणले. परवाना रद्द झाला असता, तर पाच घरांच्या चुली विझल्या असत्या. मी दरडावून पाहिले, गोडीगुलाबीने विचारले, पण तांडेल तोंड उघडेना. सराईत माणूस असा गप्प बसत नाही, काहीतरी थाप मारतोच. हा चोरट्या मालातला माणूस नसावा, अशी तिथेच मला शंका आली.

दुपारी एक म्हातारी ठाण्याच्या दारात आली. "वहीतल्या समद्यांना आनलंत म्हनं. माझा पोर गावला का, साहेब?"

तिला बाहेर बाकावर बसवले, तेव्हा आत तांडेल बोलला. तिचा मुलगा मागच्या मोसमात वादळात होडीतून पडला होता. प्रेत मिळाले नव्हते. होडी लोटताना खलाशांची नावे पुकारायची ही त्यांची जुनी रीत.

"ती रोज किनाऱ्याव उभी ऱ्हाते. मी त्याचं नाव घेतलं न्हाय, तर तिचा पोर मीच मारला, साहेब."

पण खोटी नोंद ठेवणे शक्य नव्हते. 'समुद्रात बेपत्ता' असा शेरा मारून मी ते नाव खोडले आणि सर्वांना सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी बंदरावर तांडेलाने सहा नावे पुकारली. हवालदारांनी माणसे मोजून पाच लिहिली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या म्हातारीने मला विचारले, "त्याचं लिवलं?"

"नाही, मावशी."

ती तांडेलाकडे वळून म्हणाली, "उद्यापास्नं पाचच पुकार."

नोंद अचूक हवी, हे मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला बजावले. आणि कोणाचे नाव खोडावे लागले, तर आधी त्याच्या घरी जाऊन बसा, हेही सांगत आलो.